उंदराचे दुखणे, माणसाचे दुखणे

दिवाळीच्या अंकात उंदीर-माकडांची कथा कशाला, असे कोणी विचारील. विचारणाराला माझे उत्तर तयार आहे. ज्या घरात हा अंक उघडला जाईल, त्या घरात कोणाचे तरी गुडघे दुखत असतील, कोणाची तरी पाठ धरली असेल, कोणी तरी फराळाचे ताट पुढे करताना एक हात कंबरेवर ठेवून उभे राहत असेल. आणि त्याच घरात गेल्या वर्षभरात एकदा तरी ‘वेदनेवर रामबाण उपाय सापडला’ असा मथळा मोठ्याने वाचला गेला असेल. उपाय सापडला हे ठीक. पण तो कोणाच्या वेदनेवर, हे मथळ्यात नसते. ते बातमीच्या सातव्या परिच्छेदात, जिथवर सहसा कोणी पोहोचत नाही तेथे, बारीक आवाजात सांगितलेले असते: उंदराच्या!

माझे भांडण या सातव्या परिच्छेदाशी आहे.

उंदराशी माझे भांडण नाही, हे आधीच सांगून टाकतो. तीस वर्षे मी प्राणिशास्त्र शिकवले. उंदराचे ऋण माझ्याइतके कोण मानील? प्रत्यक्ष गणरायांनी त्याला वाहन म्हणून पसंत केले, तेव्हा त्याच्या पाठीत काही बळ असलेच पाहिजे. पण गणरायांनीसुद्धा उंदरावर स्वार होताना उंदरालाच गणपती मानले नाही. आमच्या औषधशास्त्राने मात्र गेली कित्येक दशके नेमके हेच केले. उंदीर म्हणजे पंचवीस-तीस ग्रॅम वजनाचा माणूस, असे गृहीत धरून त्याने हिशेब मांडले, आणि हिशेब चुकला की माणसालाच बोल लावला.

आता मुद्द्याकडे वळू. दुखणे म्हणजे शरीरात घडते तरी काय? समजा, फुलबाजीची ठिणगी पायाच्या अंगठ्यावर पडली. आधी एक झटका बसतो, पाय मागे येतो; आणि क्षणभराने मागाहून जळजळ येते. ही दोन दुखणी दोन वेगळ्या तंतूंनी आणलेली असतात. पहिला तंतू जरा जाड असतो; तो सेकंदाला पाच ते तीस मीटर वेगाने निरोप नेतो. दुसरा अतिशय बारीक. त्याची चाल सेकंदाला सुमारे एक मीटर, म्हणजे आपल्या सकाळच्या फेरफटक्याएवढी. अंगठ्यापासून मज्जारज्जूपर्यंतचे अंतरही मीटरभराच्या आसपास असते. म्हणून जळजळ उशिरा येते.

या तंतूंच्या मूळ पेशी त्वचेत नसतात आणि मेंदूतही नसतात. माणसाच्या मज्जारज्जूपासून नसांच्या ३१ जोड्या निघतात. बहुतेक प्रत्येक नसेच्या मुळाशी, मणक्याला खेटून, एक लहानशी गाठ असते. त्या गाठीत संवेदनावाहक मज्जापेशी दाटीवाटीने बसलेल्या असतात. प्रत्येक पेशीचा एक हात त्वचेकडे गेलेला, दुसरा मज्जारज्जूत शिरलेला. पायाच्या अंगठ्याची खबर ठेवणारी पेशी कंबरेखालच्या गाठीत बसते आणि मीटरभर लांब हात पसरून अंगठा चाचपत राहते! शरीरातल्या सर्वांत लांब पेशी त्या याच. मधुमेहात मज्जातंतूंना इजा होते ती बहुधा पायांपासूनच सुरू होते, कारण सर्वांत लांब तंतूंची टोके आधी झिजतात.

माझ्या एका मावशींना हा विकार आहे. रात्री पायांवरचे पांघरूणही त्यांना सहन होत नाही. वर्तमानपत्रातली कात्रणे त्या पोथीत जपून ठेवतात आणि मी गेलो की पुढे करतात. “अरे, हे बघ. निघालं म्हणे औषध. कधी येईल रे आपल्याकडे?” त्या कात्रणांपैकी एकाही औषधाने अजून आमच्या गावचा रस्ता धरलेला नाही. मावशींच्या पायातला तंतू मीटरभराचा आहे. ज्या प्राण्यावर औषध तपासले, त्याच्या अख्ख्या पायाची लांबी माझ्या करंगळीएवढी. मावशींना खोटी आशा विकणाऱ्यांवर माझा राग आहे, तो येथून सुरू होतो.

लांबीचे सोडा, असे कोणी म्हणेल. हरकत नाही, आपण पेशीच्या आत शिरू.

१९९७ साली कॅलिफोर्नियात डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने मिरचीचा तिखटपणा ओळखणारे प्रथिन शोधून काढले, तेही उंदराच्या याच गाठींतून. हे प्रथिन म्हणजे पेशीच्या भिंतीतले एक दार आहे. ते मिरचीतल्या द्रव्यानेही उघडते आणि सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वरच्या उष्णतेनेही उघडते. ठेचा खाल्ल्यावर आपण ‘तोंड भाजले’ म्हणतो ते उगाच नव्हे. पेशीच्या लेखी तिखट आणि चटका एकच. या शोधाबद्दल ज्युलियस यांना २०२१ साली आर्डेम पटापूटियन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. आणि आपला पोपट हिरवीगार मिरची मिटक्या मारीत खातो तो कसा? पक्ष्यांच्या पेशींतही हे दार असते, उष्णतेने ते उघडतेही. पण त्याची घडण किंचित वेगळी असल्यामुळे मिरचीला ते दाद देत नाही. ज्युलियस यांच्याच प्रयोगशाळेने २००२ साली कोंबडीच्या प्रथिनावर हे दाखवून दिले. घडणीतला एवढासा फरक, आणि एकाची शिक्षा ती दुसऱ्याची मेजवानी!

पोपट दूरचा, उंदीर तर सस्तन प्राणी. तो जवळचा असणार, असा बचाव यावर होतो. जवळचा खरा, पण किती? उंदराची वाट आपल्यापासून फुटली त्याला सुमारे नऊ कोटी वर्षे झाली. ज्या माकडांना आपण मारुतीरायाचे वंशज समजून केळी घालतो, त्यांची वाट फुटून अडीच-तीन कोटी वर्षे झाली असावीत. एवढ्या काळात गाठीतल्या पेशी जागच्या जागी थांबल्या असतील काय?

थांबल्या नाहीत, हे आता नुसते अनुमान राहिलेले नाही. २०१५ साली स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील संशोधकांनी उंदराच्या गाठींतील ६२२ पेशी एकेक करून तपासल्या. कोणत्या पेशीत कोणते जनुक काम करीत आहे याची मोजदाद केली आणि त्यांतून ११ प्रकार वेगळे काढले. कोणी स्पर्शाचे, कोणी खाजेचे, कोणी दुखण्याचे. काम अव्वल दर्जाचे. वेदनेच्या पेशींचे उंदरात दोन मोठे गट पडतात, हे तर त्याआधीपासूनच पाठ्यपुस्तकांत होते. एका गटाच्या पेशी सीजीआरपी नावाचे द्रव्य बाळगतात. दुसऱ्या गटाच्या पेशी ते बाळगत नाहीत, त्यांची ओळखीची खूण निराळी. पुण्यातल्या जुन्या पेठांसारखी ही वस्ती: कसब्याचा तो कसब्याचा, सदाशिवातला तो सदाशिवातला. या पेठांच्या नकाशावर औषधांचे बेत आखले गेले.

मग २०२० साली टेक्सासमधील डॅलस येथे थिओडोर प्राइस यांच्या गटाने माणसाच्या गाठी घेतल्या आणि उंदराच्या गाठींशेजारी ठेवून पाहिल्या. तेव्हा दिसले काय? माणसात या पेठांच्या वेशीच जागेवर नाहीत! एकाच पेशीत दोन्ही गटांच्या खुणा सर्रास सापडतात. मुंबईच्या चाळीत जसा एकाच मजल्यावर सगळा मुलूख नांदतो, तसा प्रकार. मिरचीचे ते दार उंदरात वेदनेच्या काही ठरावीक पेशींतच असते. माणसात ते वेदनेच्या जवळजवळ सगळ्या पेशींत आढळले. २०२१ साली कॅरोलिन्स्कातील पॅट्रिक अर्नफोर्स यांच्या गटाने ऱ्हीसस माकडाच्या पेशींची अशीच मोजदाद केली. पेशींचे प्रकार उंदराच्या प्रकारांशी ढोबळ मानाने जुळले. आत चालू असलेली जनुके मात्र ठिकठिकाणी वेगळी निघाली. म्हणजे घराच्या पाटीवर नाव तेच, आत राहणारी माणसे दुसरी. आणि औषध जाते ते आतल्या माणसाकडे. पाटी वाचून ते परत फिरत नाही.

“फरक किरकोळ आहेत हो,” असे म्हणणारे विद्वान मला भेटले आहेत. त्यांना मी ‘सब्स्टन्स पी’ची गोष्ट सांगतो. १९३१ साली लंडनमध्ये ऑयलर आणि गॅडम या दोघांनी घोड्याच्या मेंदूतून आणि आतड्यातून एक द्रव्य काढले. त्याच्या नावातला ‘पी’ हा ‘पेन’चा, म्हणजे वेदनेचा, असा पुष्कळांचा समज असतो; तो मुळात ‘पावडर’चा. पुढे हे द्रव्य वेदनेच्या पेशींत सापडले. मग ते जेथे जाऊन बसते ती जागा अडवणारी औषधे तयार झाली. उंदरांवर आणि इतर प्रयोगप्राण्यांवर ती छान चालली. १९९० नंतरच्या दशकात ती माणसांवर तपासली गेली: दाढ काढल्यावर, अर्धशिशीत, मज्जातंतूंच्या दुखण्यात. माणसाचे दुखणे जेथल्या तेथे राहिले. किती वर्षे गेली, किती पैसा गेला हे विचारू नका. किती रोग्यांनी आशेने गोळी गिळली आणि रात्रभर तळमळत काढली, ते विचारा.

या गोष्टीचा शेवट तर अधिक बोलका आहे. त्याच जातीतले एक औषध शेवटी उपयोगी पडले, पण वेदनेवर नव्हे. कर्करोगाच्या उपचारात रोग्याला ज्या भयंकर ओकाऱ्या होतात, त्यांवर ते २००३ साली अमेरिकेत मंजूर झाले. हा गुण उंदराने दाखवला असता काय? कधीच नाही, कारण उंदराला ओकारीच होत नाही! त्यासाठी फेरेट नावाच्या, मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याकडे जावे लागले. ज्या प्राण्याला ओकता येत नाही त्याला ओकारीचे औषध विचारू नये, हे शहाणपण ज्यांना सुचले त्यांनी वेदनेच्या बाबतीतही थोडे वापरले असते, तर किती बरे झाले असते!

आणि उंदराची वेदना मोजतात तरी कशी? त्याला तापलेल्या पत्र्यावर ठेवतात आणि तो पंजा केव्हा चाटतो ते घड्याळावर पाहतात. नाही तर तळव्याला बारीक तार टोचून तो पाय केव्हा ओढतो ते पाहतात. मावशींचे दुखणे पाय ओढण्याचे नाही. ते अंथरुणात निमूट पडून राहण्याचे, नातवाला मांडीवर घेता न येण्याचे, पहाटे साडेतीनला एकटीने जागे असण्याचे आहे. पाय ओढणे ही चुटकीसरशी होणारी प्रतिक्रिया. वर्षानुवर्षे ठाण मांडलेले दुखणे ही वेगळी जात. बरे, हे मापही किती हळवे! २०१४ साली कॅनडातील जेफ्री मोगिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की जवळ पुरुष संशोधक असला तर उंदीर वेदना कमी दाखवतात. पुरुषाने अंगात घातलेला सदरा नुसता शेजारी ठेवला तरी पुरते. पुरुषाच्या वासाने ते घाबरतात आणि भीतीने दुखणे दबते. शिवाय अशा प्रयोगांत कित्येक वर्षे बहुतांशी नर उंदीरच वापरले गेले. जुनाट वेदनेने पिचलेल्या माणसांत मात्र बायकाच अधिक! घरोघरच्या मावश्यांना औषध लागू पडत नाही यात नवल ते काय?

येथवर वाचून एक पक्ष टाळ्या वाजवील. “मग प्राण्यांवरचे प्रयोग बंदच करा!” टाळ्या घाईच्या आहेत. मिरचीचे दार उंदरातूनच सापडले हे विसरू नका. १९९६ साली लंडनमध्ये जॉन वुड यांच्या गटाला वेदनेच्या पेशींतले सोडियमचे एक खास दार सापडले, तेही उंदराच्याच गाठींत. परंतु पुढे माणसाच्या पेशींत ते आहे की नाही हे पाहिले गेले आणि माणसाच्याच दारावर औषध घासून पाहिले गेले. तेव्हा कोठे ३० जानेवारी २०२५ रोजी सुझेट्रिजीन नावाचे औषध अमेरिकेत मंजूर झाले. अफूच्या कुळातले नसलेले, वेदनेच्या पेशीलाच गप्प करणारे औषध. शोधापासून मंजुरीपर्यंत २९ वर्षे! आणि मंजुरीही तात्पुरत्या तीव्र वेदनेसाठी, शस्त्रक्रियेनंतरच्या दुखण्यासारख्या. कंबरेतून पायात उतरणाऱ्या जुनाट कळेवर त्याची जी चाचणी झाली, तिचा निकाल २०२४च्या डिसेंबरात आला. त्यात औषधाची गोळी आणि खोटी गोळी यांच्या परिणामात फारसा फरक दिसला नाही. उंदराने दार दाखवले. आत कोण राहते ते माणसालाच विचारावे लागले. हाच क्रम योग्य, असे माझे म्हणणे आहे.

दुसरा पक्ष म्हणेल, “उंदीर नको तर माकडे घ्या, ती जवळची.” ही जवळीकच मला अडवते. एके काळी आपल्या देशातून ऱ्हीसस माकडे परदेशी प्रयोगशाळांकडे हजारोंनी जात. १९७८ साली भारताने ही निर्यात बंद केली, ते योग्यच झाले. जो प्राणी आपल्याइतका जवळ, त्याचे दुखणेही आपल्या दुखण्याच्या जवळचे. ते प्रयोगासाठी फुकट वापरायचे नसते. आणि माकड म्हणजे तरी माणूस कोठे? २०१६च्या जानेवारीत फ्रान्समधील रेन येथे वेदनेसारख्या विकारांसाठी योजलेल्या एका औषधाची निरोगी माणसांवर चाचणी चालू होती. त्याआधी ते उंदीर, कुत्रे आणि माकडे यांच्यावर तपासलेले होते. तरीही एक स्वयंसेवक दगावला आणि आणखी काहींना रुग्णालयात हलवावे लागले. दोष सारा पूर्वतपासणीचा होता असे मी म्हणत नाही. पण माकडाच्या शिक्क्याने माणसाची खात्री होत नाही, एवढे तरी त्यावरून शिकावे.

मग करावे काय? नुसती टीका करून उठणाऱ्यांपैकी मी नाही. माझ्या तीन मागण्या आहेत.

पहिली मागणी वर्तमानपत्रांकडे. ज्या बातमीतला प्रयोग उंदरावर झाला, तिच्या मथळ्यात ‘उंदरांत’ हा एक शब्द असलाच पाहिजे. २०१९ साली जेम्स हीदर्स नावाच्या एका शास्त्रज्ञाने समाजमाध्यमावर असल्या बातम्या पकडून त्यांना ‘उंदरांत’ एवढीच पुस्ती जोडण्याचा उद्योग आरंभला, आणि हजारो लोक तो आवडीने वाचू लागले. पण दोष एकट्या वार्ताहरांचा नाही. स्मृतिभ्रंशावरील शोधनिबंध तपासून २०२१ साली असे दाखवण्यात आले, की जेथे शास्त्रज्ञच आपल्या निबंधाच्या नावातून उंदीर गाळतात, तेथे बातमीच्या मथळ्यातूनही तो गळण्याचा संभव वाढतो. नळ गढूळ आला म्हणून घागरीला शिव्या देण्यात अर्थ नाही. विहीरही उपसली पाहिजे.

दुसरी मागणी संशोधनाला पैसा देणाऱ्यांकडे. उंदरातले लक्ष्य माणसाच्या पेशीत आहे की नाही, हे औषधाच्या वाटेवर पाऊल टाकण्यापूर्वीच पाहावे. दहा वर्षांनी नव्हे. माणसाच्या गाठी मिळतात त्या अवयवदात्यांकडून. ज्या घरात नुकताच मृत्यू झालेला असतो त्या घरातले कोणी तरी डोळे पुसून कागदावर सही करते, तेव्हा कोठे त्या गाठी प्रयोगशाळेत पोहोचतात. डॅलसच्या गटाने २०२२ साली माणसाच्या वेदनापेशींचा जो सविस्तर नकाशा प्रसिद्ध केला, तो अशाच सह्यांवर उभा आहे. स्त्री आणि पुरुष यांच्या पेशींतही काही फरक असल्याचे त्यातून दिसले. अशा दानाचे मोल जाणणाऱ्याने उंदराच्या एका आकड्यावर ढोल वाजवू नयेत.

तिसरी मागणी कायदा राबवणाऱ्यांकडे. अमेरिकेने २०२२च्या डिसेंबरात आणि भारताने २०२३ साली आपापले औषधविषयक नियम बदलले आणि मानवी पेशींवर आधारलेल्या नव्या पद्धतींना वाट करून दिली. वाट झाली, आता तिच्यावर गाडी धावली पाहिजे. प्रयोगशाळा उभ्या राहिल्या पाहिजेत, माणसे शिकली पाहिजेत. नाही तर नियम पुस्तकात राहतील आणि उंदीर पिंजऱ्यात.

हे सगळे झाले तरी मावशींचे पाय उद्याच थंड होतील, असे वचन मी देत नाही. तसले वचन देणाऱ्यांविरुद्धच तर हा लेख आहे. मी त्यांना एवढेच सांगत आलो आहे, की आज मिळते ते औषध वेळेवर घ्या, साखर सांभाळा, पाय रोज तपासा आणि नव्या शोधाची वाट जरूर पाहा. पण कात्रण पोथीत ठेवण्यापूर्वी त्याला एक प्रश्न विचारा.

वाचकहो, तोच प्रश्न तुम्हांलाही सुचवतो. पुढच्या वेळी ‘पायाची जळजळ थांबवणारे औषध सापडले’ असे कोणी वाचून दाखवले, की चकली हातात तशीच धरून शांतपणे विचारा: “कोणाच्या पायाची?”